शालिकमामांचा चंद्र

मी आज जो काही आहे तो शालिकराव मेश्राम यांच्यामुळे आहे. ते आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. मुलं, शिक्षक, मुख्याध्यापक, सगळेच त्यांना मामा म्हणत. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी मी मिहानमधल्या आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो, तेव्हा त्यांच्या मुलीचा, कुंदाताईचा फोन आला. "दिनेशभाऊ, बाबा गेले." मग म्हणाली, "तुमचं पत्र पोचलं होतं बरं..." मामा गेले हे ऐकून माणसानं खाली बसावं, निदान गप्प व्हावं. माझ्या तोंडून आधी निघालं ते असं : "वाचलं का त्यांनी?" ताई म्हणाली, "मीच वाचून दाखवलं. तुम्ही या घरी, मग बोलू." फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, हे मला तिथंच उमगलं. तरी सक्करदऱ्याला ताईच्या घरी पोचेपर्यंत मी आशा धरून होतो.

आमचं गाव तालुक्याचं, नागपूरपासून एसटीनं दीड-दोन तासांवर. वडील बाजार समितीत हमाली करत. घरात एकच खोली, आम्ही चार भावंडं, आणि दहावीच्या पुढे गेलेलं आमच्या नात्यात कोणी नाही. आठवीत असताना शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून अभ्यास करत असे, कारण तिथं सावली असायची आणि कोणी ओरडायचं नाही. दहा-बारा दिवस मामांनी पाहिलं. एक दिवस कुलूप हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पायरीवर काहून बसून राहिला बे? अंदर टेबल रिकामं पडलं हाये. थे काय माह्या सासऱ्यानं देल्लं, का झिजून जाईन?" त्या दिवसापासून दहावीची परीक्षा होईपर्यंत मी त्या टेबलावर बसलो. मामा काचेच्या नळ्या धूत, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या नव्यानं चिकटवत, आणि मधूनच माझ्या खांद्यावरून वहीत डोकावत. ते सातवी नापास होते. "हे काय लिहून राहिला?" असं विचारायचे. मी सांगायचो. ते पूर्ण ऐकून घ्यायचे, एकदा स्वतःच्या शब्दांत म्हणून पाहायचे, आणि चुकलं तर पुन्हा विचारायचे.

यातूनच आमचा रिवाज ठरला. मी बारावी होऊन नागपूरला इंजिनिअरिंगला निघालो तेव्हा मामा म्हणाले होते, "मले काही वाचता येत नाही एवढं मोठं. तू शिक, अन् घरी आला का मले सांगजो. एक गोष्ट. जास्त नको, मले झेपत नाही." म्हणून प्रत्येक सुट्टीत मी आधी शाळेत जायचो आणि शिकलेली एक नवी गोष्ट मामांना सांगायचो. लोखंड गंजतं तेव्हा काय होतं. विमानाचा पंख त्याला कसा उचलतो. ते ती गोष्ट जपून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत येणाऱ्या वर्गाला सांगत. सुरुवात ठरलेली असे : "आपला पोट्टा इंजिनेर होऊन राहिला, थो सांगून गेला..." विज्ञानाचे सर खुर्चीत पेपर वाचत असत. मुलं मामांकडूनच शिकत.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी वडिलांना रजा मिळाली नाही. मामा आले. दीक्षाभूमीवर जाताना घालायचा पांढरा शर्ट त्यांनी त्या दिवशी घातला होता. नागपुरात सदर भागातल्या एका कार्यालयात कागदावर एक शिक्का राहिला होता, आणि खिडकीतल्या बाबूंनी विचारलं, "तुम्ही मुलाचे कोण?" मामा म्हणाले, "मामा." "सख्खे?" "नाही साहेब, शाळेतला." बाबू वैतागून म्हणाले, "असं नातं लिहायला रकाना नाही इथं." मामा म्हणाले, "मंग बनवून घ्या ना साहेब एक रकाना, आमी बसतो तवरक." आजूबाजूचे सगळे हसले. बाबूसुद्धा हसले, आणि शिक्का पडला.

आता चंद्राचं सांगतो. प्रयोगशाळेच्या भिंतीवर, दारातून आत आल्याबरोबर समोर, काचेच्या चौकटीत एक फोटो होता. चंद्रावरच्या मातीत उमटलेला माणसाच्या बुटाचा ठसा. कुठल्याशा जुन्या मासिकातून कापून मामांनी तो स्वतः चौकटीत बसवून घेतला होता. त्याच्याखाली एक लांब काचेची नळी उभी असायची. आत कबुतराचं एक पीस आणि एक जुनं नाणं. नळी उलटी केली की नाणं खटकन खाली यायचं आणि पीस रमतगमत. मग मामा नळीला पंप लावत. पंप जुना, वायसर गळका. आतली हवा काढायला चाळीस-पन्नास वेळा दांडा ओढावा लागे, आणि सगळा वर्ग मोठ्यानं आकडे मोजे. मामांच्या कपाळावर घाम यायचा. मग ते नळी उलटी करत, आणि पीस आणि नाणं एकदमच, एकाच आवाजात, खाली पडत. वर्ग ओरडायचा. मामा फोटोकडे बोट करून म्हणत, "पोट्टेहो, चंद्रावर हवा नाही. तिथं असंच पडते. माणूस जाऊन पाहून आला. अन् हा ठसा हाये ना, हा अजून तसाच हाये. तिथं वारा नाही. पुसाले तिथं कोणी नाही."

हा चंद्र त्यांना कुठून मिळाला, हे त्यांनी मला दहावीत असताना एकदा सांगितलं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली होती. पण गावात परतल्यावर गाव तेच होतं. पाणी वरूनच ओततात, दुकानाच्या ओट्याखाली उभं राहावं लागतं. एकोणसत्तर साली माणूस चंद्रावर उतरला ती बातमी गावातल्या दुकानाच्या रेडिओवर लागली, तेव्हा मामा दहा वर्षांचे होते आणि वडिलांसोबत ओट्याखाली उभे होते. वर बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, देवाला पाय लावला, आता काही खरं नाही. मामांच्या वडिलांनी पोराला उचलून खांद्यावर घेतलं आणि घरापर्यंत तसंच नेलं. वाटेत ते एकच वाक्य परत परत म्हणत होते : "चंद्राले पाय लागला गा माणसाचा. काही झालं नाही. विटाळ झाला नाही, पडला नाही, तसाच हाये." मामा मला म्हणाले, "बाबा माहा कधी हसत नव्हता. त्या दिवशी हसला." मी ऐकलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. आमचं घर कुणब्याचं. गरिबी होती, पण मला कधी कोणी पाणी वरून ओतलं नव्हतं. त्या गोष्टीचं वजन मला त्या वयात कळलं नाही. पुढेही लवकर कळलं नाही, म्हणून हे सगळं घडलं.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी होस्टेलवर एका मुलाच्या कॉम्प्युटरवर आम्ही एक व्हिडिओ पाहिला. चंद्रावर माणूस गेलाच नाही, सगळं स्टुडिओत चित्रित केलं, असं त्यात होतं. हवा नाही तर झेंडा का हलतो? आकाशात तारे का नाहीत? सावल्या वाकड्या का? आठवडाभर मेसमध्ये तोच विषय. जे शंका घेत ते हुशार आणि जे मानत ते बावळट, असं आमचं ठरून गेलं होतं. मी बारक्या गावातून आलेला, इंग्रजीत अडखळणारा. मला बावळट व्हायचं नव्हतं. खरं सांगायचं तर मी त्यावर एक पानही वाचलं नाही. फक्त बाजू घेतली.

त्याच वर्षी सव्वीस जानेवारीला शाळेनं माझा सत्कार ठेवला. शाल-श्रीफळ झालं, आणि नंतर मामांनी मला हाताला धरून प्रयोगशाळेत नेलं. आठवीचा वर्ग आधीच येऊन बसला होता. मामांनी पंप लावला. मुलं मोजू लागली. ओढता ओढता मामा म्हणाले, "आज आपला इंजिनेर स्वतः आला हाये, पोट्टेहो. चंद्राचं थोच सांगन." आणि मी, गळ्यात हार घालून, सांगितलं. झेंडा, तारे, सावल्या. मी छान बोललो. माझं तसं बोलणं मी स्वतःही पहिल्यांदाच ऐकत होतो. मुलांचं मोजणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. मामांचा हात पंपाच्या दांड्यावर तसाच होता. ते म्हणाले, "खरं?" मी म्हणालो, "हो मामा. आता सगळ्यांना माहीत आहे." नळी उलटी करायची राहूनच गेली.

बाहेर आल्यावर ते मला गेटपर्यंत सोडायला आले. गेटशी थांबून त्यांनी पुन्हा विचारलं, "पक्कं ना गा? पाहून घेतलं ना तू?" तिथं मला एक संधी होती... मी म्हणालो, "मामा, मी इंजिनिअरिंग करतो."

पुढे वर्षभरातच मला कळलं की मी चुकलो. त्यात फार काही शिकावंही लागलं नाही. प्रोजेक्टसाठी ज्या कारखान्यात जायचो तिथल्या एका वरिष्ठ इंजिनिअरांनी चहा पिता पिता पाच मिनिटांत माझी एकेक शंका सोडवली आणि हसून म्हणाले, "अरे, तू स्वतः शोधलं नाहीस का?" मी ओशाळलो. पण मामांना जाऊन सांगावं असं काही वाटलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी काय जायचं, असं मी स्वतःला म्हटलं. नोकरी, लग्न, मुलगी. गावी जाणं कमी झालं आणि आमचा रिवाजही सुटला. मामा निवृत्त होऊन सक्करदऱ्याला कुंदाताईकडे राहायला आले, माझ्या घरापासून स्कूटरनं वीस मिनिटांवर, तरी वर्षातून एखादी भेट. भेटीत तब्येत, पेन्शन, नातवंडं. चंद्राचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मला वाटलं, विसरले.

आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी आमच्या ऑफिसात सगळे मोठ्या पडद्यापुढे उभे होते. पेढे वाटले गेले. मला एकदम मामा आठवले आणि मी फोन लावला. "मामा, पाहिलं का? उतरलं!" पलीकडे टीव्हीचा आवाज होता. मामांनी तो बारीक केला. मग विचारलं, "हे खरं हाये का गा? का हेही तसंच?" माझ्या हातात पेढा तसाच राहिला. "खरं आहे मामा." "तू म्हणतं म्हणजे खरंच असन," ते म्हणाले. पुढे म्हणाले, "अन् थे आधीचं... थे नव्हतं ना?" कोणीतरी मला मागून मिठी मारली, आरडाओरडा चालला होता. मी म्हणालो, "मामा, इथं आवाज आहे, नंतर बोलतो."

नंतर बोललो नाही. एकदा मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर होते, फुप्फुसं थकली होती, नाकाला नळी होती. नातवंडं होती, शेजारी होते. मी चहा घेतला. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा औषधांविषयी काहीतरी विचारलं. घरी येऊन मग पत्र लिहिलं आणि पोस्टानं पाठवलं. समोर बसून मला जे जमलं नाही ते कागदावर जमेल, असं वाटलं. मामा ते पत्र पोचल्यावर अकरा दिवस होते.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. वंदना झाली, लोक दोन-दोन शब्द बोलले. एक तिशीच्या आतला तरुण उभा राहिला. आमच्याच शाळेचा, आता एका खासगी शिकवणीत विज्ञान शिकवतो असं त्यानं सांगितलं. "मामासारखा इमानदार माणूस मी पाहिला नाही," तो म्हणाला. "आमी आठवीत होतो. त्यायनं वर्गापुढे हात जोडले अन् म्हणाले, 'पोट्टेहो, मी इतके साल तुमच्या दादायले, तायायले चंद्राचं खोटं सांगितलं. मले मालूम नव्हतं. माफ करजा.' असं कोणता शिक्षक सांगते? मी आजही माह्या पोरायले हीच गोष्ट सांगतो." लोकांनी माना डोलावल्या. मी तिथं बसलो होतो. उठून बोलायला हवं होतं. मामांच्या फोटोला हार घातला होता, आणि हा मुलगा त्यांच्या इमानदारीचं कौतुक करत होता, आणि ते कौतुक खरं होतं... मी उठलो नाही.

लोक गेल्यावर कुंदाताईनं मला आतल्या खोलीत नेलं. कपाटावरून तिनं जुन्या धोतरात गुंडाळलेली ती नळी काढली. शाळेनं जुनं सामान भंगारात काढलं तेव्हा मामांनी मागून आणली होती. पीस आणि नाणं अजून आत होतं. मग पेटीतून ती चौकट काढली. "तुमचा सत्कार झाला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी हा फोटो उतरवला होता," ती म्हणाली. "टाकला नाही, पण कधी लावलाही नाही. एकदा मी लावाले गेली तर म्हणे, राहू दे वं. माह्या बापाले त्या दिवशी कोनीतरी फसवलं, अन् थो बिचारा हसत घरी आला." मी विचारलं, "आणि पत्र?" ताई चौकट पुसत होती. "दोनदा वाचून घेतलं भाऊ. डोळे मिटून ऐकत होते. मंग घडी करून उशीखाली ठेवलं अन् म्हणाले, 'पोट्टा चांगला हाये माहा. मरतावक्ती बुढ्याले बरं वाटावं म्हणून लिहून राहिला.' मी म्हटलं, बाबा, त्यायनं सगळं पुराव्यानिशी लिहिलं हाये. तर म्हणे, 'कुंदे, शिकत होता तवा सांगितलं थे खरं. आता माया हाये.'"

मी नळी हातात घेऊन बसलो होतो. खोटं बोललो तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवला गेला, कारण मी त्यांचा शिकलेला पोरगा होतो. खरं लिहिलं तेव्हा ठेवला गेला नाही, कारण मी त्यांचा होतो. याला आता काही उपाय नाही. ताईनं नळी आणि फोटो मला नेऊ दिले. नळी घरी कपाटाच्या बाजूला उभी करून ठेवली आहे. ती उलटी करून पाहायचा मला धीर झालेला नाही. पंप नाही, हवा आत भरलेली आहे, पीस मागे राहील.

त्या वर्गांमधली मुलं आता कुठे कुठे असतील. त्यांच्यापैकी कोणी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचत असेल, म्हणून मामांना पाठवलेलं पत्र खाली देतो. ज्यांच्यासाठी ते होतं त्यांनी ते मानलं नाही. तुम्ही तरी माना, एवढीच विनंती.

ती. शालिकमामा यांस,
सप्रेम जयभीम.

तुमची तब्येत कशी आहे? परवा आलो होतो तेव्हा तुम्ही थकलेले दिसलात. ताईला सांगितलं आहे, काही लागलं तर मला कधीही फोन करायचा. गाडी घेऊन येईन.

मामा, मला एक गोष्ट सांगायची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी सांगायला हवी होती. सत्काराच्या दिवशी मी प्रयोगशाळेत जे बोललो ते चूक होतं. तुम्ही मला गेटवर विचारलं होतं, पाहून घेतलं का. मी पाहून घेतलं नव्हतं. ऐकलेलं बोललो.

झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी काठी घातलेली होती, म्हणून तो ताठ दिसतो. जमिनीत रोवताना हलला, आणि तिथं हवा नसल्यामुळे त्याला थांबवायला काही नव्हतं, म्हणून जास्त वेळ हलत राहिला. म्हणजे आपल्या नळीतलंच आहे हे. तारे दिसत नाहीत कारण उन्हात चमकणाऱ्या जमिनीचा फोटो काढला की कॅमेऱ्याला बारीक तारे पकडता येत नाहीत. मंडपाच्या झगमगाटात फोटो काढा, वर आभाळ काळंच येईल. सावल्या वाकड्या कारण जमीन खालीवर. त्यांनी तिथं आरसे ठेवले आहेत. इथून उजेड सोडला की अजूनही परत येतो. आणि आपल्याच देशाच्या यानानं वरून त्या जागेचा फोटो घेतला आहे. त्यांचं यान जिथं उतरलं तिथं त्याचा खालचा भाग अजून उभा आहे.

माणूस गेला होता, मामा. तुमचे बाबा त्या दिवशी बरोबर होते. तुम्ही इतकी वर्षं मुलांना बरोबर सांगत होतात. खोटं बोलला तो मी एकटा.

हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही म्हणाला होतात, शिकून आला की एक गोष्ट सांगजो. मधली बरीच वर्षं मी काही सांगितलं नाही. या खेपेची ही.

तो फोटो असेल तर पुन्हा भिंतीवर लावा. ठसा अजून तसाच आहे. तिथं वारा नाही. पुसायला तिथं कोणी नाही.

तुमचा,
दिनेश